वत्सलाबाईंच्या बदल्या

आमच्या नेरच्या शाळेतल्या वत्सलाबाईंना प्रकृती विचारली की त्या म्हणत, "गुरुजी, माझी बदली झाली." बदली त्यांची नव्हे, दुखण्याची. बोटांचे सांधे सुजले तेव्हा गावच्या डॉक्टरांनी संधिवात ठरवला. केस गळून ताप येऊ लागला तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी क्षय म्हटलं. वैद्यबुवांनी रक्तदोष सांगून काढा आणि बरंच संस्कृत पाजलं. तिघांनाही तिळमात्र शंका नव्हती.

"सध्या रक्तदोषात आहो," बाई सांगत. "कालच चार्ज घेतला."

मग नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर लाल चट्टे उठले. उन्हात ते भडकत, म्हणून बाई पौषातही छत्री घेऊन शाळेत येत. या वेळी निदानाला डॉक्टर लागला नाही, गावानंच केलं. महारोग. शिक्षकांच्या खोलीत बाईंची खुर्ची कोणी हलवली नाही. बाकीच्यांच्या मात्र हळूहळू सरकल्या. हेडमास्तरांनी स्वच्छतेवर भाषण दिलं आणि त्यात बाईंकडे न बघण्याची फार काळजी घेतली.

बाईंची धाकटी बहीण शेजारीच राहायची. तिला मुलगी झाली. बाई त्या पोरीला गाणी म्हणून दाखवत, हसवत, पण सगळं कुंपणाच्या अलीकडून. बहीण ये म्हणत नसे, येऊ नको असंही म्हणत नसे.

अखेर त्या नागपूरला गेल्या. परतल्या तेव्हा मी एसटी स्टँडवर होतो. हा संधिवात नाही, महारोगही नाही, दोघांचं सोंग घेणारं तिसरंच दुखणं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंगातले रखवालदारच घरच्यांना चोर समजून बडवतात.

"म्हणजे आपली शाळा कमिटीच की, गुरुजी."

बरं होतं का, मी विचारलं.

"नाही म्हणते डॉक्टर. गोळ्या खात राहायच्या. पुढं गुर्द्यातही उतरते म्हणे." हे त्यांनी पुढल्या मुक्कामाचं नाव सांगावं तसं सांगितलं. "मी त्याले एकच विचारलं, लेकराले लागते काय? नाही लागत म्हणाला."

स्वतःच्या घरी न जाता त्या थेट बहिणीकडे निघाल्या. पिशवी माझ्याकडे होती, म्हणून मीही गेलो. डॉक्टरांचं म्हणणं सांगून झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी ती सुजलेली बोटं पुढे केली. बहीण थोडी थांबली, मग तिनं पोर दिली.

अनोळखी हात लागताच पोरीनं भोकाड पसरलं. बहीण तिला घ्यायला वाकली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "रडू दे तिले."