नोप्पेचं पातेलं

त्सुयाकोने पळी तिरकी धरली. नोप्पेचा, म्हणजे कंदभाज्यांच्या जपानी कालवणाचा, रस्सा काठाशी क्षणभर थबकला, मग जड पण सलग धारेने पातेल्यात उतरला. मुळा, गाजर, अळकुड्या, अळंबी, सगळं त्यात लपेटून चमकत होतं. रस्सा असा बेताचा दाट उतरला की गावात त्याला तोरोतोरो म्हणतात. याहून दाट झालं की दोरोदोरो, म्हणजे चिखल. पातळ झालं की शाबाशाबा, म्हणजे पाणीच. बाईच्या अख्ख्या सकाळच्या कष्टाचा तिथे एका शब्दात निकाल लागतो.

तिचा नवरा कान्जी जेवताना असल्या शब्दांपलीकडे काही बोलायचाच नाही. तो वारल्यापासून रोजची पहिली वाटी देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोपुढे जायची. आजही तिने लाखेची छोटी वाटी भरली, झाकण घातलं आणि त्याच्यापुढे ठेवली.

"जेवा. आज नावं ठेवायला जागा नाही."

जागा असून चालणारही नव्हतं. शरदातल्या मेळाव्याचं नोप्पे आजवर शिगे आजी करायच्या. आता त्यांचे हात थरथरत. आज दुपारी त्या चाखणार होत्या. तोरोतोरो म्हणाल्या तर त्यांची लाकडी पळी त्सुयाकोला मिळणार, नाहीतर पलीकडच्या मासुयोला. त्सुयाकोचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य याच गावात गेलं होतं, तरी बायका तिला अजून 'कान्जीने बाहेरून आणलेली' म्हणत. पळी हातात आली की ते तरी थांबेल, असं तिला वाटत होतं.

आजींना गरम सोसत नसे. म्हणून तिने पातेलं गल्लीपलीकडच्या सभागृहात नेलं आणि कोमट होऊ दिलं.

"मी काही तपासायला नाही आले हं," मासुयो चमचा हातात घेऊनच आत आली. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, तोच चमचा पुन्हा बुडवला. "छान आहे. तोरोतोरो आहे, नाही असं नाही. थांब, खात्री करते."

तिने तीनदा खात्री केली. मग बाकीच्या बायका आल्या. मासुयोचं ऐकून कोण समाधान मानणार? प्रत्येकीने स्वतःच्या चमच्याने चाखलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. वॉर्डाचे प्रमुख फुकुतारो खुर्च्या मांडायला आले होते, ते पातेल्यापाशीच उभे राहिले.

त्सुयाकोने थोड्या वेळाने पळी उचलली, तर रस्सा नळासारखा खाली आला.

"शाबाशाबा," मासुयो हळहळून म्हणाली. "मघाशी तर बरं होतं. हात लागतो गं एकेकाचा."

त्सुयाकोने रस्सा दाट करायला बटाट्याचं सत्त्व पाण्यात कालवलं, पातेलं सभागृहातल्याच चुलीवर चढवलं आणि धार धरली. घाबरलेल्या हाताने जरा जास्तच धरली.

"आता दोरोदोरो झालंय," फुकुतारो चमचा चाटत म्हणाले. "याने माझ्या गोठ्याची भिंत लिंपता येईल, त्सुयाकोसान."

"तुमचा गोठा तसाही पडलाय, प्रमुखसाहेब," कोणीतरी मागून म्हणालं.

तिने पाणी घातलं, उकळलं, उतरवलं. जरा निवल्यावर पळीवरून अगदी हवी तशी धार आली. तिचा जीव भांड्यात पडला. तिने सगळ्यांना बोलावलं. सगळे आले, चमच्यांसकट, आणि एकमताने तोरोतोरो म्हणाले. फुकुतारो दोनदा म्हणाले, कारण त्यांनी दोनदा चाखलं.

आजींची गाडी दाराशी लागली तेव्हा पातेल्यात गाजरं पोहत होती आणि सत्त्वाची पिशवी रिकामी होती.

"कोणाकोणाचा दिवस नसतो गं," मासुयो म्हणाली आणि ॲप्रन बांधू लागली.

त्सुयाको मागच्या दाराने घरी पळाली. का पळाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. बहुतेक रडायला. देव्हाऱ्यापुढे बसल्यावर तिला लाखेची वाटी दिसली. झाकण उचललं. रस्सा थिजला होता, पण गरम पाण्यात वाटी धरताच हलला आणि चमच्यावरून जड, सलग उतरला.

ती फोटोकडे बघून म्हणाली, "जरा उसनी नेते."

शिगे आजींनी वाटी दोन्ही हातांत धरली. आजींनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला.

"तोरोतोरो," त्या म्हणाल्या.

लगेच बाकीच्यांना पातेल्यातलं वाढलं गेलं. मंडळींनी ते निव्वळ पाणी भुरकलं.

"तोरोतोरो," फुकुतारो मान डोलावत म्हणाले. "मी आधीपासून सांगतोय." मग सगळेच म्हणाले. मासुयोने ॲप्रन सोडला.

आजींनी पळी त्सुयाकोच्या हातात दिली आणि तिला जवळ ओढलं.

"ही देव्हाऱ्यातली वाटी ना? कान्जीला उपाशी ठेवलंस?"

त्सुयाकोची मान खाली गेली.

"पातेल्यात किती जणांनी चमचे घातले?"

"सगळ्यांनीच, आजी."

"आणि कान्जीने?"

"त्यांनी कसा घालावा?"

"मग. उष्टा चमचा आत गेला की लाळेने रस्सा सुटून पाणी होतो. इतकी वर्षं मी झाकण धरून बसले. लोक म्हणायचे, म्हातारी कृती लपवते. कृती कसली डोंबलाची." आजींनी वाटी चाटून पुसून रिकामी केली. "आता तुलाही म्हणतील. म्हणू दे. आमच्यातलीच झालीस."

संध्याकाळी त्सुयाकोने पातेल्याच्या तळाशी उरलेलं त्याच वाटीत ओतलं आणि फोटोपुढे ठेवलं.

"शाबाशाबा आहे," ती स्वतःच म्हणाली.

कान्जी काही बोलला नाही. तिने जरा वाट पाहिली आणि वाटीवर झाकण घातलं.