नमुन्याचं दार

दातांच्या डॉक्टरांनी घराचं पुढचं दार रंगवलं आणि समोर राहणाऱ्या अध्यक्षांच्या घशाखाली चहा उतरेना. कॉलनीच्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं: सर्व दारे मलई रंगाची असावीत, वाद झाल्यास अध्यक्षांचे दार हाच नमुना मानावा. नियम अध्यक्षांनीच लिहिलेले, त्यामुळे नमुना शोधायला फार लांब जावं लागलं नव्हतं.

"डॉक्टर, दार पांढरंफटक दिसतंय तुमचं."

"अहो, मलईच आहे. डब्यावर तसं छापलंय."

"डब्याला कोण विचारतंय? माझ्या दाराकडे बघा."

डॉक्टरांनी बघितलं. फरक आंधळ्यालाही दिसला असता. एरवी ते भांडले असते, पण रविवारी अध्यक्षपदाची निवडणूक होती, त्यांना उभं राहायचं होतं, आणि ज्याचं दार नियमात बसत नाही त्याला उभं राहता येत नव्हतं. हेही कलम अध्यक्षांचंच.

डॉक्टरांनी मुकाट्याने रंगारी बोलावला. त्याने मलईत तपकिरी घातला, मग थोडा काळा, मग पुन्हा तपकिरी, आणि दर वेळी अध्यक्षांच्या दाराशी जाऊन डोकं खाजवलं.

"साहेब, असला रंग उभ्या जन्मात केला नाही मी."

"मग आता कर. नमुना समोर आहे."

रंग एकदाचा जुळला. पण आता डॉक्टरांच्या दाराशेजारी मास्तरीणबाईंचं दार वेगळं दिसू लागलं, आणि त्यांचं रंगवल्यावर पलीकडच्या वकिलांचं. अध्यक्ष हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागले. रंगारी बादल्या भरभरून रंग कालवत राहिला. आठवडा संपायच्या आत सगळी गल्ली एका रंगाची झाली, आणि संध्याकाळच्या फेरीत अध्यक्षांना अगदी भरून आलं.

शनिवारी त्यांच्या सासूबाई राहायला आल्या. अध्यक्ष सभेसाठी खुर्च्या सांगायला बाहेर गेले होते. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच त्यांना एक दार लखलखताना दिसलं. उद्या निवडणूक आणि आज हा चावटपणा! आता याला कोणत्या शब्दांत झापायचं याची जुळवाजुळव करत ते तरातरा पुढे गेले, तेव्हा त्या दारात त्यांचीच बायको ओलं फडकं पिळत उभी होती.

"अहो, आईला राहवेना. साबण काय लावला, दार बघा कसं नव्यासारखं झालं!"

तेवढ्यात डॉक्टर, मास्तरीणबाई आणि वकील आपापल्या फाटकातून बाहेर आले.

"अध्यक्ष," डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं, "तुमचं दार वेगळं कसं काय?"

"नवा रंग दिलाय," अध्यक्ष म्हणाले. "म्हटलं, कसा दिसतो बघावं. सकाळी रंगारी येऊन पुन्हा आपला नेहमीचा रंग देईल."

वकिलांनी मान डोलावली. मास्तरीणबाई परत फिरल्या. अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला. आता उद्याचा दिवस पार पडला की झालं.

इतक्यात डॉक्टरांच्या दारातून सासूबाई बादली घेऊन धापा टाकत आल्या.

"जावईबापू, तुमच्या दारावरचा मळ कसा चटकन निघाला! डॉक्टरांच्या दारावरचा मात्र काही केल्या निघत नाही हो!"

सगळे आपापल्या दाराकडे बघत राहिले.