अब्रेफीबाईंचा आकडा

पोट ही माणसाची खासगी मालमत्ता आहे. परंतु ती हद्दीबाहेर वाढली, की पहिले अतिक्रमण फुप्फुसांवर होते.

कुमासी शहरातल्या टोमॅटो बाजाराची राणी अब्रेफीबाई यांची ही मालमत्ता डोळ्यांत भरण्याजोगी होती. (आमच्याकडे बाजाराची राणी निवडतात. किरकोळ देहाची बाई त्या भानगडीत पडत नाही.) न्यूमोनिया झाला आणि बाई श्वासयंत्रावर गेल्या.

श्वास सोडून झाला तरी यंत्र फुप्फुसांत थोडा दाब राखते, म्हणजे ती मिटत नाहीत. विभागप्रमुख डॉ. बोआसियाको हा दाब सर्वांना पाच देत. शिंपी असो वा राणी, पाच. समता म्हणजे समता. बाईंचा प्राणवायू घसरत गेला. समता जागची हलली नाही.

धाकट्या डॉ. ड्वामेना यांचे म्हणणे पडले, की पोट खालून रेटते आहे, तिथे पाचाने काय होणार? फुगा लावलेली बारीक नळी अन्ननलिकेत सोडून छातीतला दाब मोजू. साधन कपाटात होते. (हरवू नये म्हणून वापरत नसत.) प्रमुखांनी सोपा मार्ग काढला: तिघा वरिष्ठांनी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून नजरेने मोजावे. मोजले. सरासरी पाच आली.

ड्वामेनाबाईंनी तरीही कपाटातून नळी काढली, तर इकडे बाईंचा भाचा ओटेंग आडवा आला.

"मावशीच्या पोटाला नावं ठेवायची नाहीत. अख्खा बाजार त्याला वाट देतो."

"बाजाराला सरकायला जागा आहे रे, फुप्फुसांना नाही," ड्वामेनाबाई म्हणाल्या. "मोजू दे, नाहीतर मावशी संध्याकाळ बघणार नाही."

ओटेंग बाजूला झाला.

आकडा आला अठरा. दाब त्याच्या वर नेला, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, आणि प्राणवायू चढू लागला.

शुद्धीवर आल्यावर, घशातली नळी निघताच बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारले, "माझा किती आला?"

"अठरा."

"आणि त्या कांदेवालीचा?"

मोजलेला नाही, असे कळल्यावर बाई समाधानाने झोपल्या. आठवड्याच्या आत कांदा बाजाराची राणी, ठणठणीत, मोजून घ्यायला दारात हजर.

प्रमुखांनी आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली आणि परिपत्रक काढले: यापुढे सर्वांना अठरा. शेजारच्या पलंगावर एक पाप्याचं पितर होतं, त्याचा रक्तदाब तळाला गेला. ड्वामेनाबाईंनी धावत जाऊन यंत्राचा दाब उतरवला, म्हणून तो वाचला. परिपत्रक अजून भिंतीवर आहे.

असो. आपण मघापासून पोट आत ओढून वाचत आहात. सोडा. मोजायला अजून कोणी आलेले नाही.