कुकूचकूची वडिलोपार्जित वहिवाट

"ही केस मी खिशात घालून फिरतोय!" असं मी बार रूममध्ये जाहीर केलं, तेव्हा एकाही वकिलाने चहाच्या कपातून मान वर काढली नाही. जळत असणार! मला चक्क कोंबड्याचं रूलिंग सापडलं होतं.

आमच्या धंद्यात वकिलाला स्वतःचं मत नसतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी समोरचा विचारतो, "असं आधी कुठल्या न्यायाधीशांनी म्हटलंय?" मग तसं म्हणणारा न्यायाधीश शोधायचा; त्याचा जुना निकाल म्हणजे रूलिंग. जितका जुना, तितका भारी! मला कायम कुतूहल, की त्या सगळ्यात पहिल्या न्यायाधीशाने कुणाला विचारलं असेल? आमचे सीनियर तुकाराम वकील म्हणाले, "परेश, असे प्रश्न मोठ्याने विचारू नकोस. पक्षकार पळतात."

तर माझी पक्षकार किहीमची जहुराचाची. मुलगा मस्कतला, घरात ही एकटी, आणि सोबतीला पांढरा कोंबडा गुलाब्या. तो आरवला की चाची नमाजाला उठायची. शेजारच्या बंगल्याचे मालक हितेशशेठ मुंबईहून शनिवार-रविवार फक्त झोपायला यायचे, आणि गुलाब्या नेमकं तेच करू द्यायचा नाही! शेठनी दावा लावला: कोंबडा हलवा!

"वकीलसाहेब, त्याला नेला तं मी बोलू कोनाशी?" चाचीने ओढणीने डोळे पुसले.

"चाची, निवांत राहा. माझ्याकडे रूलिंग आहे!"

रूलिंग असं, की तक्रारदार राहायला येण्याआधीपासून जो आवाज तिथे चालू आहे, तो त्याला बंद करता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं, थेट साहेबाच्या देशातलं. कोंबडासुद्धा गोरा!

कोर्टात न्यायाधीश मॅडमपुढे मी ते खणखणीत आवाजात वाचलं. समोर शेठची वकील हेमाली उठली. "मॅडम, बंगला दहा वर्षांचा आहे. हा कोंबडा जेमतेम दोन वर्षांचा. म्हणजे आधी आले माझे अशील!"

 माझी जीभ थांबेल तर शपथ! "मॅडम, कोंबडा बदलला, आवाज तोच आहे! याचा बाप, आजा, पणजा त्याच वाडीत आरवले. ही वडिलोपार्जित वहिवाट आहे!"

"मग वंशावळ दाखवा!" हेमालीने वारसाहक्काचं रूलिंग काढलं. मी देवळातल्या नगाऱ्याचं काढलं. तिने पिठाच्या गिरणीचं काढलं. टेबलावर पुस्तकांची अशी चळत चढली, की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. कोंबडा तर कधीच मागे पडला होता!

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. "मला एक कुतूहल आहे. कोंबडा कुठून आला, हे या बाईंना कुणी विचारलंय का?"

आम्ही दोघं पुन्हा पुस्तकं चाळू लागलो. पक्षकाराला विचारायची पद्धतच नव्हती ना!

चाची पुढे आली. 'वाडीतलाच आहे म्हणा' अशा अर्थाने मी जोरजोरात मान हलवली. तिला वाटलं सलाम करतोय. तिनेही प्रेमाने मान हलवली आणि म्हणाली, "माझा न्हाय ओ मॅडम. या शेठच्या पोरीचा हाय."

हेमाली आणि मी पुस्तकांच्या चळतीवरून एकमेकांकडे डोकावलो.

"जत्रेत रंगवलेली पिल्लं इकतात ना? पोरीनं गुलाबी पिल्लू घेतलं. मुंबईच्या फ्लॅटात चालनार न्हाय म्हनून शेठानीनं माझ्याकडं ठेवलं. रंग धुवून गेला, नाव रायलं."

हितेशशेठ ताडकन उभे! "अरे, आ आपणो पिंकू छे? माझी पोरगी अमिषा अजून रडते त्याच्यासाठी! बायको मला बोलली, मरून गेला!"

मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं. "वादीने स्वतःच्याच कोंबड्याविरुद्ध मनाई मागितल्याचं एखादं रूलिंग?"

"तारीख मिळावी, मॅडम!" हेमाली आणि मी एका सुरात.

तारीख लागलीच नाही. शेठनी तिथल्या तिथे दावा मागे घेतला. पुढच्या शनिवारी चाचीच्या ओट्यावर अमिषा कोंबड्याला मांडीवर घेऊन बसली होती, चाची तिला भरवत होती, आणि गॅलरीत शेठ कानात कापूस घालून झोपले होते.

बार रूममध्ये मात्र तुकाराम वकिलांनी मला झापलं. "रूलिंगशिवाय दावा मिटवलास? कोर्टाला अशी सवय लागली तर आपण काय भजी तळायची?"

परवा एका कंपाउंडच्या भिंतीच्या दाव्यात मी बोलायला उठणार, तोच नवी ज्युनियर आतिफा कुजबुजली, "सर, अशील घरी बायकोला विचारून आलेत ना?"

"अगं, भिंत आहे ही! बायकोचा काय संबंध?"

"माहीत नाही, सर. पण या कोर्टात आधी ते विचारतात."

"कधीपासून?"

"फार जुनी परंपरा आहे म्हणे! कुठल्याशा कोंबड्याच्या दाव्यापासूनची."

मी निमूटपणे अशिलाकडे वळलो आणि विचारलं.