केळीला हंगाम नसतो

जरा जवळ सरका पाहू. आत यायचं की निघायचं ठरत नसल्यासारख्या दाराशी काय टेकलात? तुम्ही तुळिंजला इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहता, वसईची केळी खाता, आणि केळी कुठून येतात विचारलं तर म्हणता, हातगाडीवरून! लाज तुम्हाला नाही, मलाच वाटते. ऐका आता. आमच्या वटार गावच्या जनूभाऊंची गोष्ट सांगते. माझ्या घराला लागूनच त्यांची केळीची वाडी. आणि त्या वाडीत शिरायचं तर व्हिसा लागतो.

थट्टा नाही करत. फाटकाच्या खांबाला काथ्यानं वही बांधलीय. तीन रकाने: नाव काय, कशाला आलात, परत कधी जाणार. तिन्ही भरले की जनूभाऊ केळीच्या पानाचा देठ कोयत्यानं छाटतात आणि त्याचा ओला काप नावापुढं दाबतात. झाला शिक्का. आधी नुसतं पाणी दिसतं, मग चिकाचा डाग काळपट पडतो, आणि तो जन्मात जात नाही. माझ्या दोन साड्या गेल्या त्यापायी. बोलायला जावं तर म्हणतात, "वयनी, नियम तुमचा नाय, माझा नाय. नियम नियमाचा."

लाईटचं मीटर बघायला माणूस आला. 'परत कधी' या रकान्यात बिचाऱ्यानं लिहिलं, पुढच्या महिन्यात. "म्हंजे महिनाभर ऱ्हानार? झोपनार कुठं? जेवनार काय?" असं विचारून विचारून जनूभाऊंनी त्याला पळवून लावला. पाचूबंदरची रोझी टोपली घेऊन आली तेव्हा मात्र गंमत झाली. तिनं वहीकडं बघितलंसुद्धा नाही. "मेल्या, तुझा शिक्का वाळेपर्यंत माझे बोंबील वास मारतील. घेतोस का जाऊ?" घेतले गुमान. पण ती वळल्यावर तिच्या नावाचा शिक्का मारला, आणि पुढं लिहिलं, 'बिनपरवानगी'.

हसताय ना? हसा. पण हा माणूस असा नव्हता हो. साठीच्या घरातला सरळ बागायतदार. बायको गेली तेव्हाही दुसऱ्या दिवशी विहिरीवर पंप सुरू करून उभा होता. त्याला असा केला तो दोन कागदांनी, आणि ते आठवलं की माझ्या डोक्यात अजून जाळ होतो.

त्यांची एकच मुलगी, कुंदा. ती आणि जावई नोकरीला विलायतेत. तिला तिकडं मुलगी झाली, ओवी. इकडं यायचं तर कुंदाला रजा नाही, पोरीचे कागद व्हायचेत. म्हणून जनूभाऊच निघाले. पाहुणा म्हणून चार आठवडे जातो, नात मांडीवर घेतो आणि येतो, एवढीच मागणी. व्हिसाच्या कचेरीतून उत्तर आलं: अर्जदार विधुर, पगाराची नोकरी नाही, मायदेशी परतण्यासारखं सबळ कारण दिसत नाही. मीच वाचून दाखवलं. जनूभाऊ वाडीकडं हात करून म्हणाले, "आनि ह्या काय इजेचे खांब हायत?"

मग कोणीतरी सांगितलं, तिकडं स्ट्रॉबेरी तोडायला परदेशातून माणसं नेतात. हंगामी व्हिसा. सहा महिने राहायचं, घरचं कोणी आणायचं नाही, फळ संपलं की निघायचं. नियम वाचताना माझाच संताप झाला. अहो, केळ्यांचा लोंगर उतरवून केळ तोडली तरी तिच्या बुडाशी फुटलेल्या मुनव्याला, तिच्या पिल्लाला, आम्ही जागा ठेवतो! पण जनूभाऊ हरखले. "फुकट बसून खायला नको, वयनी. दिवसभर फळं तोडीन, रविवारी नातीकडं जाईन."

मुलाखत व्हिडिओ फोनवर होती. ती घरात बसून द्यायची तर हे वाडीत जाऊन उभे राहिले, केळी दिसाव्यात म्हणून. फोन धरायला मी. पलीकडं तिकडची बाई, आणि मराठीत सांगायला एजंटच्या ऑफिसातली मुलगी.

"काका, तुमच्या पिकाचा हंगाम कोणता, असं विचारतात मॅडम."

"केळीला हंगाम नसतो, बाय. आज हा लोंगर, उद्या तो. बारमाही."

"काका, एखादा महिना तरी सांगा ना."

"बाराच्या बारा सांग."

मी फोनमागून डोळे मोठे करतेय, दारातल्या आंब्याकडं बोट दाखवतेय. छे! फोन बंद झाल्यावर मी अंगावरच गेले. "दोन आंबे आहेत ना दारात? चैत्र-वैशाख म्हणाला असतात तर जीभ झडली असती?"

खाली मान घालून म्हणाले, "केळीसमोर खोटं कसं बोलू?"

दुसरा कागद आला: बागेत बारमाही काम, हंगामी कामाचा अनुभव नाही, सहा महिने बाग सोडून राहतील याची खात्री नाही.

आता सांगा मला. एक म्हणतो, याच्याकडं परतण्यासारखं काही नाही. दुसरा म्हणतो, याच्याकडं इतकं आहे की निघताच येणार नाही. अरे, तुमच्या त्या दोन साहेबांना एका खोलीत कोंडा, बाहेरून कडी घाला, आणि म्हणावं, आधी आपसात ठरवा! एवढ्याशा पोरीला आजोबा बघायचाय, त्याला हंगाम कसला विचारता?

 चार दिवसांनी फाटकावर वही आली.

परवा त्यांच्याकडं केळीची पानं आणायला गेले. ते विहिरीवर होते. वाऱ्यानं वहीची पानं उलटली आणि पहिलं पान वर आलं. त्यावर एकच ओळ. नाव: ओवी. कशाला: आपल्याच घरी. परत कधी: बारमाही. बाकी सगळं पान शिक्क्यांनी काळं. डागावर डाग, मोजतासुद्धा येईनात.

मागं जनूभाऊ येऊन उभे. म्हटलं, "हे काय?"

"दर रविवारी फोनवर दिसते. मना बघून हात पुढं करते. तिच्या हातावर कसा मारू? म्हनून फोन झाला का हितं मारतो."

 मी पानं घेतली आणि निघाले.

तर या एकदा वटारला. लवकर या, अगदी या रविवारीच या. जुनी साडी नेसा, चिकाचा डाग जात नाही. आणि हे बघा, फाटकावर वही पुढं करतील, तेव्हा तिसऱ्या रकान्यात घाईघाईनं वेळ टाकू नका. नुसतं 'बघू' लिहा.