नलूबाईंनी नळाचा दगड काबीज केला त्याची हकिकत

चौकातला नळ खाकरला.

आवाज एवढाच. परंतु तेणेकरून फणसवाडीचे तख्त डळमळले, जावाजावांत तलवारी उपसल्या गेल्या आणि भायखळ्याची जबरदस्त फौज हात चोळीत राहिली. सबब तो मजकूर मुळापासून लिहून ठेवणे प्राप्त जाहले. ऐकणारांनी चित्त द्यावे. चुलीवर काही असेल तर आधी उतरवून यावे.

शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, रविवार दोनप्रहर. मुंबईचा मुलूख कोणाचा, ही मसलत ते समयी दिल्लीदरबारी तटून राहिली होती, आणि चाळीतले झाडून सारे पुरुष सभेस गेले होते. मागे उरल्या बायका, पोरे, ओट्यावरचा तात्या शिंपी आणि राजश्री चिंतामणराव. राव एका बोटकंपनीत कारकून. त्यांजवर एक अमेरिकी खलाशी मेहेरबान होऊन त्याने मुसळासारखा एक सोटा, एक टणक चेंडू आणि बेसबॉल नामे खेळाचा कायदा त्यांस नजर केला होता. तो कायदा रावांनी आंघोळीच्या वेळीसुद्धा घोकून मुखोद्गत केला आणि मग चाळीतल्या बायकांस शिकविला, कारण पुरुष कोणी ऐकून घेईनात.

कायदा ऐसा जे, चौकात चार ठाणी. गोलंदाजाने चेंडू टाकावा, सोटेवाल्याने तो हाणून पळत सुटावे, आणि एकामागून एक ठाणी घेत, जेथून निघाला त्या घरठाण्यास फिरून पाय लावावा, म्हणजे एक धाव पदरी पडली. पहिले ठाणे जिन्याची पायरी, दुसरे तुळशीचे कुंडे, तिसरे तात्या शिंप्याचा ओटा आणि घरठाणे म्हणजे खुद्द नळाखालचा दगड. त्या दगडापाशी बायकांचे हंडे कळश्या सदा हारीने मांडलेले असत, ते रावांनी हुकूम करून तिसऱ्या ठाण्याशी हलविले. येथेच रावांची अक्कल गहाण पडली, परंतु मोठमोठ्या सरदारांचेही ऐसे होते.

भायखळ्याच्या बायकांशी समितीच्या मोर्चात स्नेह जडला होता, आणि तो वाढत वाढत लढाई ठरण्यापर्यंत गेला. त्यांजकडून सरलष्कर बकुळाबाई, दोन्ही हातांस उशी बांधून दगडामागे चेंडू झेलावयास उकिडव्या बसलेल्या. आणि गोलंदाज राधाबाई, गिरणीत कामास, हात ऐसा की चेंडू मागून यावा आणि वाऱ्याने पदर आधी उडावा. फणसवाडीकडून सेनाधुरंधर सौभाग्यवती कालिंदीबाईसाहेब, म्हणजे चिंतामणरावांचे कुटुंब. आणि त्यांची धाकटी जाऊ नलूबाई.

नलूबाईंचा मामला ऐसा की, लग्न होऊन गिरगावात आल्यापासून त्यांच्या हातची चीज थोरल्या जाऊबाईंच्या नावे जमा होई. मोदक नलूने वळावे आणि चाळीने म्हणावे, कालिंदीवहिनींच्या हाताला काय चव! मोर्चाचा फलक नलूने शिवला, तोही वहिनींचा म्हणून शिवाजी पार्कपर्यंत मिरवला. स्वतःच्या नावे त्यांस एकच वतन होते, ते म्हणजे पाणी भरणे. नळ वाजला की पदर खोचून धावणे, कारण ज्या बाईचा हंडा आधी लागेल तिचा मान पहिला, आणि चौथ्या हंड्याशी नळ करंगळीएवढा होई. चौकाच्या भिंतीवर रावांनी कोळशाने धावा मांडिल्या होत्या, त्यांत कालिंदीबाईंचे नाव तीन वेळां होते आणि नलूचे कोठेच नव्हते. ती भिंत नलूबाई सकाळपासून चोरून पाहात होत्या.

मग लढाई आखरीस आली. धावा दोहीकडे सारख्या. नलूबाईंस चेंडू कोपरावर बसला म्हणून कायद्याने पहिले ठाणे बक्षीस मिळाले होते आणि मागल्या बायकांच्या रेट्याने त्या पुढे ढकलल्या जाऊन तिसऱ्या ठाण्यावर, हंड्यांच्या शेजारी, कोपर चोळीत उभ्या होत्या. सोटा घेऊन कालिंदीबाईसाहेब आल्या. फोटो काढवून घेताना राहावे तैशा उभ्या राहिल्या. राधाबाईंनी चेंडूवर फुंकर घातली. सज्जांतली पोरे कठड्यावर ओणवली, आणि चौकात ऐसा सन्नाटा पडला की तात्या शिंप्याची कात्रीसुद्धा मिटली.

ते समयी नळ खाकरला.

नलूबाईंच्या कानी तो शब्द पडला मात्र, आणि पुढे काय जाहले ते त्यांच्या पायांनी केले, त्यांस पुसले नाही. हाताशी आला तो हंडा कमरेवर घेतला आणि त्या सुटल्या. राधाबाई ती धाड पाहून दचकल्या आणि मग चेंडू हातून गेला तो भलताच गेला, बकुळाबाईंच्या उशीवर आपटून मोरीत पडला, आणि कालिंदीबाई सोटा उगारून तशाच राहिल्या. बकुळाबाई मोरीतून चेंडू काढून वळतात तो नलूबाईंचा उजवा पाय दगडावर, हंडा नळाखाली आणि पाणी तडतड वाजू लागलेले.

फणसवाडीत एकच जल्लोष जाहला. धाव जाहली, लढाई जिंकली. परंतु धाव कोणाच्या नावे लिहावी?

"अहो, लिहा की!" कालिंदीबाईसाहेबांनी भ्रतारास आज्ञा केली. "सोटा कुणाच्या हातात होता? माझीच ती!"

चिंतामणरावांनी कोळसा धरिला आणि घसा साफ करून फर्मान काढिले जे, सोट्यास चेंडू शिवला नाही, सबब सोटेवालीचा या धावेशी काडीचा संबंध नाही.

"संबंध नाही? बरं. मग राधाबाईंची चूक म्हणून लिहा. नलूला कुठलं खेळायचं होतं? ती पाण्याला पळाली! रोजच पळते!"

"माझी चूक?" राधाबाई पदर खोचीत पुढे आल्या. "भिंतीवर माझी चूक लिवायची? ओ कालिंदीबाई, नळ वाजला तवा चेंडू माझ्या मुठीत होता. ही बया तवाच सुटली. चेंडू गेला मागनं. खोटं असंल तर बकुळाला विचारा."

बकुळाबाईंनी मोरीचे पाणी निथळणारी उशी उंच करून साक्ष दिली की, शब्द न् शब्द खरा.

मग रावांनी कायदा बोलून दाखविला. धावणारी जर गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याआधी निघाली असेल, तर मागून चेंडू भरकटो की झेलणारीच्या हातून निसटो, ठाणे तिने चोरले ऐसेच लिहावे आणि यश तिचे. मागाहून निघाली असेल, तर चूक टाकणारीची किंवा झेलणारीची, आणि धावणारीस यश नाही. सोटेवालीस दोन्ही प्रकारी कपाळास हात.

"पण तिच्या मनात पाणी होतं ना!"

रावांनी उत्तर केले जे, मनात काय होते, हे कायदा विचारीत नाही.

कालिंदीबाईंनी मग नुसते रावांकडे पाहिले. त्या पाहण्यात आजचा चहा होता, उद्याची आमटी होती आणि नाताळच्या सुट्टीपर्यंतचा अबोला होता. रावांचा कोळशाचा हात खाली आला. जमलेल्या बायका म्हणू लागल्या, जाऊ द्या हो, जिंकलो ना, नाव कुणाचं का असेना! आणि मामला नेहमीच्या वळणावर येऊन विझणार, इतक्यात नळापासून आवाज आला.

"भाऊजी, माझं नाव लिहा."

चाळीने वळून पाहिले. नलूबाईंचे कान लाल जाहले होते, कमरेपासून खाली लुगडे भिजले होते, परंतु पाय दगडावरून हलला नव्हता.

"काय म्हणालीस?" कालिंदीबाई.

"पाण्यालाच पळाले, वहिनी. पण पळाले मीच."

 चिंतामणरावांनी एकवार कुलदैवताचे स्मरण केले, चहावर पाणी सोडिले आणि भिंतीकडे वळून वीतभर अक्षरांत लिहिले: नलू. घरठाणे चोरले. धाव एक. राधाबाईंनी पहिली टाळी वाजविली आणि मग साऱ्या चौकाने वाजविली. नलूबाई पाहातच राहिल्या. इकडे हंडा भरून वाहू लागला, पाणी मोरीत चालले, तरी त्यांस भान नाही.

"अगं, वाहतंय ते! मेली नाव काय वाचत बसलीय!" ऐसे म्हणून कालिंदीबाईसाहेबांनी सोटा टाकिला, दाणदाण येऊन हंडा बाजूस ओढिला आणि दुसरा स्वतः नळास लाविला. थोरल्या जाऊबाईंचा हात त्या नळास लागल्याचा दाखला मागील कोणत्याही राजवटीत सापडत नाही. पहिल्या हंड्याचे पाणी भायखळ्याच्या पाहुण्यांस दिले. राधाबाई दगडावर बसून पोटभर प्याल्या आणि जाताना नलूस म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कान बांधून खेळायचं हं, बाई."

येणेप्रमाणे फणसवाडीची फत्ते जाहली, एका धावेने. घरठाणे चोरले ते सौभाग्यवती नलूबाईंनी, कोणाच्या सोट्याच्या बळावर नव्हे, स्वतःच्या पायांनी. साक्षी राधाबाई व बकुळाबाई, मुक्काम भायखळा. निवाडा चिंतामणरावांचा, ज्यांस त्या दिवशी चहा मिळाला, परंतु बिनसाखरेचा. हे पक्के जाणावे.

दिवे लागायच्या सुमारास सभेहून परतलेली मंडळी मुंबईच्या नावाने घोषणा देत वाडीत शिरली. नलूबाईंची पाच वर्षांची शैला आईचे बोट धरून भिंतीपुढे उभी होती. तिने "न" वर बोट फिरविले, मग "लू" वर, मग काळे बोट फ्रॉकला पुसले आणि घोषणांकडे कान दिला.

"आई," ती म्हणाली, "मुंबई पण आपल्या घरी यायचीय ना? मग आत्ता ती कितव्या ठाण्यावर उभी आहे गं?"