एकोणीस लिटर गढूळ

नाताळच्या आधीचा रविवार, दुपारी साडेबारा. एकोणीस लिटर बिअर. हजर माणसं चार: बिअर करणारे आमचे शेजारी इनासकाका, म्हापशाहून आलेला त्यांचा भाचा आलेक्स, माझी बायको सुलभा आणि मी. चौघांपैकी खोटं बोललो तो मी एकटा. मी हायस्कुलात गणित शिकवतो, म्हणून आकडे आधी सांगितले. आता माणूस सांगतो.

इनासकाका बिअरच्या पेल्यातून निधनवार्ता वाचतात. पेला भरायचा, त्याच्या मागे वर्तमानपत्र धरायचं आणि त्यातली बारीक अक्षरं पेल्यातून वाचायची. अक्षरं लागली तर बिअर पास. निधनवार्ताच का, असं मी एकदा विचारलं.

"सगळ्यात बारीक अक्षर थंयच असता," काका म्हणाले. "आणि आपला नाव अजून इला नाय, तांय कळता."

काका एकाहत्तर वर्षांचे. एकतीस वर्षं बोटींवर शीतगृहाचे मेकॅनिक होते. एका जर्मन चीफ इंजिनियरकडून लागर करायला शिकले. ही बिअर गार जागी आंबवतात आणि मग दीड महिना जवळजवळ गोठणबिंदूवर निजू देतात. तेवढ्या वेळात यीस्टचा गाळ तळाला बसतो आणि वरची बिअर काचेसारखी होते. त्यासाठी काकांनी जुन्या फ्रिजचे कप्पे काढून आत स्टीलचं पिंप उभं केलं आहे. दाराला भोक पाडून तोटी बाहेर आणली आहे. फ्रिजला ते 'कपेल', म्हणजे छोटं प्रार्थनाघर, म्हणतात आणि दार उघडताना टोपी काढतात. याला परवाना लागतो का, हे मी एकदाच विचारलं. "मी काय इकतंय?" म्हणाले आणि पेला पुढे केला. मी तो घेतला. हाही दोष माझ्याकडे असू द्या.

बायको, मोनिकामावशी, गेल्यापासून काका एकटे. आलेक्सचं दर महिन्याला तेच: "मामा, आतां पुरो. घर बंद कर आणि म्हापशाक यो." शेवटी काकांनीच अट घातली. ज्या दिवशी बिअर गढूळ निघेल, त्या दिवशी त्यांचा हात गेला असं समजायचं आणि त्यांनी बॅग भरायची. आलेक्सने हात मिळवला. साक्षीदार मी होतो.

डिसेंबरात काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस म्हापशाला गेले. जाताना मला किल्ली आणि एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ फ्रिजचं तापमान लिहायचं. तीन रकाने: तारीख, तापमान, शेरा. "एक डिग्री होयी. आणि मास्तर, पिंपाक हात लावूचो नाय. निजलेल्या पोराक उठवक नाय तसा."

मी एकही नोंद चुकवली नाही. जायचो, आकडा बघायचो, लिहायचो, कुलूप लावायचो. शेऱ्यात 'ठीक'. एकूण वेळ दीड मिनिट.

नवव्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर बंदरावर गेलो. तिथे चार किलोचा तांबोसा निम्म्या भावात मिळत होता. घेतला. घराच्या फाटकाशी आल्यावर आठवलं की मार्गशीर्षातला गुरुवार आहे. सुलभाचं लक्ष्मीचं व्रत. तो पूर्ण महिना आमच्या घरात मासा येत नाही, आणि त्या दिवशी तर मी 'मासा' म्हणालो तरी ती हात धुऊन येते. दुसऱ्या दिवशी मसुऱ्याला भावाकडे जायचंच होतं. प्रश्न एका रात्रीचा होता, आणि किल्ली माझ्या खिशात होती.

पिंप उभं असताना तांबोसा मावेना. मी तोटीची नळी सोडवली, पिंप बाहेर काढलं, आत आडवं घातलं आणि त्याच्या पाठीवर मासा निजवला. शुक्रवारी दुपारी सगळं उलट क्रमाने केलं. फ्रिज पुसला. गुरुवारी संध्याकाळी काटा सहावर होता. वहीत मी एक लिहिलं. तेवीस वर्षं मुलांना सांगतोय, उत्तर चुकलं तरी चालेल, पण खोडून खोटं लिहू नका. मी खोडलंही नाही. सरळ खोटंच लिहिलं.

शनिवारी काका परतले आणि रविवारी आम्ही चौघे कपेलीसमोर बसलो. काकांनी टोपी काढली. पहिला पेला ताकासारखा.

"पयलो असोच येता," काका म्हणाले आणि तो ओतून टाकला. दुसरा तसाच. तिसराही. आलेक्सने स्वतःच निधनवार्ता पेल्यामागे धरल्या. "मामा, हांगा कोण मेलो तेंच दिसना."

काका घाबरले नाहीत. बोटीवरचा मेकॅनिक तो. एकेक कारण काढून बाजूला ठेवू लागला. पेला दोन्ही तळव्यांत धरून ऊबवला. "थंडीचा धुक्या असता तर ऊब लागल्यार गेला असता. गेला नाय." घोट घेतला. "आंबट नाय. म्हणजे किडा नाय." तोटी खोलून गरम पाण्याने धुतली, परत बसवली. गढूळच. मग ते पेला उन्हात धरून त्यात फिरणारे बारीक कण बघत राहिले.

"ह्यो तळचो गाळ. वर इलो." आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, पिंप कोणी हलवल्यान काय?"

सुलभा माझ्या शेजारी बसली होती. मी म्हणालो, "नाही."

"बघा हां. भूकंप, मांजर, काय पण?"

"नाही, काका. वहीत सगळं आहे."

त्यांनी वही उघडली, बघितली, मिटली. "मगे माझोच हात चुकलो," म्हणाले आणि टोपी घातली. आलेक्सने उगीच दोन घोट घेतले, छान लागते म्हणाला, आणि निघताना सांगून गेला की नवीन वर्षात गाडी घेऊन येतो.

घरी येताना सुलभा म्हणाली, "तोंड कसा झाला बघलास काकांचा? शंभर वेळा धुतत, पुसतत, तरी चुकले. वय झाला, दुसरा काय." मी हो म्हणालो. ते हो त्या 'नाही'पेक्षा जड होतं.

चार दिवसांनी खिडकीतून बघितलं, तर काका पडवीत बॅगेचं कुलूप तेल घालून सोडवत होते. मी चप्पल न घालता गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: तांबोसा, चार किलो, गुरुवार, आडवं पिंप, सहा डिग्री.

काकांनी कुलूप खाली ठेवलं नाही. "वही हाड," एवढंच म्हणाले. "शनवार वाच."

शनिवारी माझ्या 'ठीक'खाली त्यांचं अक्षर होतं: 'पिंपार खवलो गावलो. तांबोसो. व्रताच्या म्हयन्यात. सुलभाक सांगूचा नाय.'

"तुम्हाला माहीत होतं? मग रविवारी..."

"विचारलंय मा तुका? दोनदा. ती बाजूक बसलली. व्रताच्या म्हयन्यात तुझो संसार मोडून माका बिअर निवळ करूची नाय हुती."

मी तिथूनच आलेक्सला फोन लावला आणि सगळं परत सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "म्हणजे मामाचो हात बरो आसा?" अट कायम राहिली, गाडी रद्द झाली. सुलभाला घरी जाऊन सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून आली, ते मला जास्त लागलं. आणि त्यानंतर पिंप कोणी हलवलं नाही, तेव्हा जानेवारीत तीन राजांच्या सणाला त्यातल्या बिअरमधून एका अनोळखी गृहस्थांची निधनवार्ता पत्त्यासकट वाचता आली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळचं राहिलं.

फोन झाल्यावर गुरुवारचा आकडा दुरुस्त करायला मी वहीची पानं मागे उलटत गेलो आणि फारच मागे गेलो. मावशी गेल्या त्या वर्षापर्यंत. तापमानाचा रकाना वरपासून खालपर्यंत एक, एक, एक. तो काटा बोटीवरचा, आपोआप एकावरच राहणारा. त्याला वहीची गरज कधीच नव्हती. गणिताच्या मास्तरला हे अकरा दिवसांत कळायला हवं होतं. शेऱ्यात काकांचं अक्षर: 'कोण येवक नाय.' 'कोण येवक नाय.' 'पोस्टमन. पाणी पिलो.' 'मास्तर इलो. उभ्यानच गेलो. च्या घेवक नाय.' ते 'उभ्यानच' मी एका पानावर सहा वेळा मोजलं आणि मोजणं थांबवलं.

गुरुवारी एकाच्या जागी सहा केलं, शेजारी सही केली. काकांनी चहा टाकला. मी बसलो. डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, मग जर्मन इंजिनियरचं, मग मावशींचं. कप रिकामे झाल्यावर काकांनी वही ओढून आजचा शेरा लिहिला: 'मास्तर इलो. च्या घेतल्यान. पाऊण तास बसलो.'

घड्याळात चाळीसच मिनिटं झाली होती. मी आणखी पाच मिनिटं बसलो.